मोठीचे डोळे

खोटं बोलायचंच तर ते आटोपशीर बोलावं, एवढी साधी अक्कल ताईला नव्हती. पाठ धरली आहे, कणकण वाटते आहे, असं काहीतरी सांगून भागलं असतं. पण ज्यांना सवय नसते ती माणसं खोटं बोलायला लागली की उगाच हात सैल सोडतात. ताईने थेट मोतीबिंदूचं ऑपरेशन सांगून टाकलं. तेही लेकीच्या गावी, तिथल्या मोठ्या दवाखान्यात, म्हणजे कोणी भेटायला येण्याची भानगड नको.

ज्या डोळ्यावर आत्ता पट्टी असायला हवी होती तो डोळा, आणि त्याच्या जोडीचा दुसराही, संध्याकाळच्या उन्हात चकाकणारं पाणी बघत होता. पांढऱ्याशुभ्र यॉटच्या पुढच्या भागात मऊ गादी होती, गादीवर उशा होत्या आणि उशांना टेकून ताई पाय लांब करून बसली होती. डोळ्यांवर काळा चष्मा. किनाऱ्यावरच्या दुकानात हौसेने घेतलेला, चांगला रुंद काचांचा. घेताना दुकानदारीण म्हणाली होती की याच्यामागे रडलं तरी कोणाला कळत नाही, आणि ताई उगाचच ओशाळली होती.

शेजारी नवरा बसला होता. त्याची ड्रायव्हिंग स्कूल होती. उभा जन्म शिकाऊ लोकांच्या शेजारी बसून, आपल्या पायाखालच्या जादा ब्रेकवर पाय ठेवून गेलेला. धक्क्यावरून निघताना यॉट दुसऱ्या एका बोटीच्या अगदी जवळून गेली, तेव्हा त्याने उजवा पाय गादीत जोरात दाबला. ताईने ते पाहिलं आणि आलेलं हसू गिळलं. इथे आल्यापासून तिला हसायची चोरी वाटत होती. 

ही सहल लेकीची भेट. आईबापांच्या लग्नाला तीस वर्षं झाली म्हणून तिने परस्पर सगळं ठरवून टाकलं होतं. विमान, समुद्रकाठची खोली आणि शेवटच्या संध्याकाळी दोघांपुरती खासगी यॉट, सूर्यास्त बघायला. पैसे भरलेले, तारखा पक्क्या. लेकीने हौसेने सांगितलं तेव्हा ताईच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मग कॅलेंडरकडे लक्ष जाऊन तिचा चेहरा पडला. तो महिना तिचा होता.

महिना म्हणजे बाबांचा महिना. आई गेल्यावर बाबा विसरायला लागले. आधी चष्मा, मग जेवलो की नाही ते, मग माणसं. तेव्हापासून ते एक महिना ताईकडे आणि एक महिना धाकट्या भावाकडे असत. हे दोघांनी मिळून ठरवलं होतं. खरं सांगायचं तर ताईने ठरवलं होतं आणि धाकट्याने मान हलवली होती. त्यात एक अट ताईने ठासून घातली होती. आजारपण सोडून कुठल्याही कारणाने महिना बदलायचा नाही. एकदा सैल सोडलं की रोज उठून कोणाचं ना कोणाचं लग्न निघेल, असं तिचं म्हणणं.

गेल्या वर्षी धाकट्याने बायकोमुलांना घेऊन डोंगरात जायचा बेत केला. तंबू भाड्याने आणला, मुलांनी तो घरातच उभारून त्यात झोपून पाहिलं, आणि मग तो ताईकडे विचारायला आला, की माझ्या महिन्यातले थोडे दिवस बाबांना ठेवून घेशील का. ताईचं शाळेच्या गणवेशांचं दुकान. शाळा उघडायच्या तोंडावर तिला मान वर करायला फुरसत नसायची. बाही जोडता जोडता, मशीन न थांबवता ती म्हणाली होती, "मग नियम कशाला केला आपण?"  तंबू दुकानात परत गेला आणि धाकट्याने त्या गोष्टीबद्दल पुन्हा चकार शब्द काढला नाही.

आता त्याच धाकट्याला कोणत्या तोंडाने सांगायचं, की मला समुद्रावर जायचं आहे?

"आजारपण चालतं ना? मग डोळ्यांचं सांग," नवरा म्हणाला होता. "बाहेरून काही दिसत नाही आणि कोणी खोलात शिरत नाही."

खोलात कोणी शिरलं नाही, पण धाकट्याने ते मनावर घेतलं. तो फ्रीज दुरुस्त करायचा. उन्हाळ्याचे दिवस, कामाची रांग लागलेली, तरी सगळं टाकून तो बाबांना न्यायला आला. येताना हाताने बनवलेला एक डबा घेऊन आला. जुन्या फ्रीजच्या दाराआडचा फोम कापून, आत पत्रा बसवून, झाकणाला रबर लावून केलेला. डोळ्यांत घालायचे थेंब थंड ठेवावे लागतात, प्रवासात खराब होतील, म्हणून. ताईने तो दोन्ही हातांनी घेतला. त्याच क्षणी खरं सांगून टाकायला हवं होतं. पण बाबांची पिशवी उचलून धाकटा जिना उतरायलाही लागला होता, आणि वरून हाक मारून बोलायची ती गोष्ट नव्हती. निदान तिने स्वतःची समजूत अशी घातली.

तो डबा आत्ता यॉटवर होता. नवऱ्याने त्यात थंड पाण्याच्या बाटल्या आणि कापलेलं कलिंगड भरून आणलं होतं. नको म्हटलं तर म्हणाला, इतकी सोयीची वस्तू खोलीत पडून कशाला ठेवायची. ताईने त्यातल्या कलिंगडाच्या एकाही फोडीला हात लावला नव्हता.

धाकटा रोज संध्याकाळी फोन करायचा. नुसत्या आवाजाचा, कारण फोनकडे बघून तिच्या डोळ्याला ताण नको. ताई बारीक आवाज काढून बोलायची. बाबा मजेत आहेत, तू काळजी करू नकोस, एवढंच तो सांगायचा. एकदा मात्र त्याला राहवलं नाही.

"एक गंमत सांगू? बाबांना तुझं ऑपरेशन लक्षात आहे. मला कधी ओळखतात, कधी नाही. दुपारचं जेवण संध्याकाळी आठवत नाही. पण सकाळी उठले की पहिलं विचारतात, मोठीचे डोळे कसे आहेत? रोज. डॉक्टरांनाही नवल वाटलं."

त्याच्या आवाजात इतका आनंद होता की ताईला त्या रात्री जेवण गेलं नाही. बाबा तिला मोठी म्हणत आणि त्याला धाकटा. हल्ली ते दोन्ही शब्द त्यांच्या तोंडून क्वचितच निघायचे. इतक्या दिवसांनी त्यांच्या डोक्यात एक गोष्ट टिकली होती, आणि नेमकी तीच बनवाबनवीची होती.

यॉटचा कप्तान जाडजूड, कमी बोलणारा माणूस होता. जोडप्यांना समुद्रात नेऊन आणायचं, सूर्य बुडायच्या वेळी बोट नीट तोंड करून थांबवायची, फोटो काढून द्यायचे, यात त्याचा जन्म गेलेला दिसत होता. समोर खडकाळ टेकाड दिसायला लागलं तसं तो सुकाणूच्या चाकापासून म्हणाला, "त्याला वळसा घातला की फोनची रेंज जाते. कोणाशी बोलायचं असेल तर बोलून घ्या. पुढे नुसता सूर्य."

आणि जणू ऐकूनच फोन वाजला. धाकटा.

ताईची तारांबळ उडाली. इंजिनाची घरघर, वारा, वर लावलेलं कसलंसं संगीत. तिने हातवारे करून कप्तानाला इंजिन बंद करायला लावलं. कप्तानाने भलताच अर्थ काढला, नवऱ्याकडे बघून समजूतदार हसला, संगीतही बंद केलं आणि पाठ फिरवून उभा राहिला. सगळं शांत झालं. बोटीच्या पोटाला पाणी तेवढं लागत होतं.

"ताई, थेंब घातलेस?"

"घातले."

"पाण्याचा कसला आवाज येतोय?"

"टाकी भरतेय," ताई म्हणाली. नवऱ्याने मान दुसरीकडे वळवली.

बाबा हट्ट धरून बसलेत, तुझ्याशी बोलायचंय म्हणतात, असं धाकटा म्हणाला. दोन शब्द बोल, जास्त नको. मग फोन इकडचा तिकडे झाल्याची खुडबुड, आणि बाबांचा आवाज. तो आवाज स्वच्छ होता. कामावर असताना विजेच्या खांबावरून खालच्या माणसाला सूचना द्यायचे तसा.

"मोठे, डोळे मिटलेत ना?"

"हो, बाबा," ती म्हणाली, आणि काळ्या चष्म्याआड तिचे डोळे खरंच मिटले. बाबा वायरमन होते. लहानपणी त्यांनी हात लावू नकोस म्हटलं की ती हात पाठीमागे बांधून उभी राहायची, आणि ते काम संपवेपर्यंत सोडायची नाही.

"उघडू नकोस. उजेडाकडे बघायचं नाही. मी मेन बंद करून ठेवलाय, कोणाला लावू देणार नाही. तू निवांत झोप. आणि हे बघ, माझ्या हाताला कोणी काय गुंडाळलंय. जड आहे, खाजवता येत नाही. बरी झालीस की तुझी कात्री घेऊन ये आणि काप हे."

 ताईने धाकट्याला फोन द्यायला सांगितलं.

"काय गुंडाळलंय त्यांच्या हाताला?"

"काही नाही गं. तू विश्रांती घे."

"खरं सांग," ताई म्हणाली, आणि तो शब्द आपल्याच तोंडातून आलेला ऐकून तिला स्वतःची शिसारी आली.

धाकट्याने अडखळत सांगितलं. बाबांनी मनाशी पक्कं धरलं होतं की मोठी आतल्या खोलीत झोपली आहे. अंधार पडायला लागला की ते घरभर फिरून एकेक दिवा बंद करायचे. कोणी लावला की पुन्हा बंद. मोठीच्या डोळ्यांना त्रास होईल, म्हणायचे. मुलं टॉर्चच्या उजेडात अभ्यास करायची, धाकट्याची बायको आवाज न करता भांडी लावायची. पण एकेक बटण बंद करत बसणं कसलेल्या वायरमनला किती दिवस पटणार? परवा सगळे मागच्या बाजूला असताना त्यांनी स्टूल ओढलं, त्यावर चढून मेन स्विच खाली केला, आणि उतरताना आपणच केलेल्या अंधारात त्यांचा पाय चुकला. मनगट मोडलं. प्लास्टर घातलं आहे. बाकी काही नाही, म्हणाला, नशीब डोकं आपटलं नाही.

"परवा? आणि मला सांगितलं नाहीस?"

"तुला रडू आलं असतं. ऑपरेशन झाल्यावर रडायचं नसतं, डोळा चिघळतो म्हणतात. म्हणून मी घरात सगळ्यांना बजावलं होतं, ताईला कोणी काही बोलायचं नाही." त्याचा आवाज पडला. "रडतेयस का? ताई, रडू नकोस हं. डोळा सांभाळ."

ताई रडत होती. दुकानदारणीने सांगितलं होतं तसं चष्म्याच्या मागे, पण गालावर आलेलं लपत नव्हतं. नवरा जवळ सरकला तर तिने त्याला हाताने मागे लोटलं. आणखी एकदा हो म्हटलं असतं, डोळा सांभाळते म्हटलं असतं, तर हाही दिवस निभावला असता. फोन ठेवून सूर्य बघता आला असता. पण धाकटा तिकडून तिला रडू नको म्हणत होता, आणि ते ऐकून घेणं तिच्याच्याने होईना.

"माझं ऑपरेशन झालेलं नाही," ती म्हणाली. "माझ्या डोळ्याला काही झालेलं नाही. मी खोटं बोलले."





"म्हणजे डोळा बरा आहे?"

"हो."

"बरं," धाकटा म्हणाला. "आत्ता कुठे आहेस?"

"समुद्रात. बोटीवर. लेकीने काढून दिली होती सहल, आमच्या लग्नाच्या…"

"म्हणजे टाकी भरत नव्हती."

"नाही."

"ठेवतो मी. अंधार पडेल आता. या वेळी त्यांच्याजवळ कोणीतरी बसावं लागतं."

ताईने फोनकडे पाहिलं. रेंज होती. त्यानेच ठेवला होता.

इकडे कप्तानाची घाई चालली होती, कारण सूर्य कोणाच्या घरच्या रडारडीसाठी थांबत नाही. त्याने बोट हळूच फिरवली, आता बघा, म्हणाला. पाण्यावर लांबलचक केशरी पट्टा पडला होता. तो बघायलाच लेकीने महिनोन्महिने पगारातून बाजूला काढलं होतं. नवऱ्याने फोन हातात घेतला, लेकीला फोटो पाठवायला हवा असं काहीतरी पुटपुटला आणि ताईचा चेहरा बघून फोन खिशात टाकला. ताई सूर्याकडे पाठ करून बसली होती. तिने डबा उघडला, बाटल्या बाहेर काढल्या, कलिंगडाच्या फोडी समुद्रात टाकल्या आणि ओढणीच्या टोकाने डब्याचा आतला पत्रा पुसायला घेतला. लाल पाणी कोपऱ्यांत शिरलं होतं. बोटाला ओढणी गुंडाळून तिने एकेक कोपरा कोरडा केला.

"परत फिरवा," ती कप्तानाला म्हणाली.

तो चक्रावला. थोडंच राहिलंय, बुडताना तर खरी मजा असते, लोक त्यासाठीच येतात, असं त्याने समजावून पाहिलं. नवऱ्याने खूण केली तसा तो मुकाट्याने चाकाकडे गेला. सूर्य त्यांच्यामागे कधी बुडाला ते दोघांनीही पाहिलं नाही. धक्का जवळ आला तेव्हा नवऱ्याचा उजवा पाय पुन्हा गादीत दाबला गेला.

"डोळ्यांचं मी सुचवलं होतं," तो म्हणाला. "तसं सांगतो मी त्याला."

"नका सांगू," ताई म्हणाली. "तोंड माझं होतं."

दुसऱ्या दिवशी विमानतळावरून नवऱ्याला सामानासकट घरी पाठवून ती एकटीच धाकट्याकडे गेली. हातात तो डबा होता आणि खांद्याला पर्स. नाक उन्हाने सोललं होतं. ते झाकायला काही उपाय नव्हता आणि झाकायची इच्छाही राहिली नव्हती. दिवेलागणीची वेळ झाली होती. इमारतीतल्या सगळ्या खिडक्या उजळल्या होत्या, धाकट्याची तेवढी काळोखी होती.

दार धाकट्यानेच उघडलं. त्याच्या हातात टॉर्च होता, तो त्याने तिच्या पायांशी धरला.

"सांभाळून ये. मुलांचे बूट आहेत वाटेत."

तिला वाटलं होतं तो ओरडेल. येताना वाटेत तिने त्याचं ओरडणं मनात ऐकून ठेवलं होतं, त्यावर मान खाली घालायची तयारी केली होती. तो ओरडला नाही. त्याने तिला स्वयंपाकघरात बसवलं, पाणी दिलं. डबा तिने टेबलावर ठेवला तर त्याने उघडून आत टॉर्च मारला, रबर बोटाने दाबून पाहिलं.

"गळला नाही ना?"

"नाही."

एवढं झाल्यावर मग तो बसला. म्हणाला, बाबांच्या हाताबद्दल मी तुला दोष देत नाही. स्टूल मी उचलून ठेवायला हवं होतं. समुद्रावर गेलीस त्याचाही राग नाही, भाऊजींनी तरी कधी सुट्टी घेतली आहे. बोलता बोलता तो टॉर्च चालू-बंद करत होता.

"तू विचारलं असतंस तर मी जा म्हटलं असतं. हे तुला माहीत होतं, ताई. माहीत होतं म्हणूनच तू विचारलं नाहीस."

ते तंतोतंत खरं होतं. नाही म्हणेल या भीतीने तिने खोटं सांगितलंच नव्हतं. तो हो म्हणाला असता, लगेच, हसत, आणि मग त्या तंबूचं काय करायचं हा प्रश्न तिला जन्मभर पुरला असता. भावासमोर लहान व्हायला नको, म्हणून तिने त्याला फसवलं होतं. हे तिला त्या अंधाऱ्या स्वयंपाकघरात पहिल्यांदा नीट कळलं आणि लाजेने तिचे कान तापले.

"मी बाबांना सांगते सगळं," ती उठत म्हणाली.

"कशाला? एवढी एकच गोष्ट त्यांच्या लक्षात राहिली आहे."

"म्हणूनच."

बाबा बाहेरच्या खोलीत खुर्चीत बसले होते. प्लास्टरचा हात उशीवर ठेवलेला. खिडकीतून समोरच्या इमारतीचा उजेड येत होता, तेवढ्यावर त्यांनी तिला ओळखलं. "उठलीस का?" म्हणाले. ताई त्यांच्यासमोर जमिनीवर बसली, त्यांचा धडका हात आपल्या हातात घेतला आणि एक शब्दही न लपवता सांगून टाकलं. ऑपरेशन झालं नाही. मी फिरायला गेले होते. धाकट्याला फसवलं, तुम्हाला फसवलं, आणि माझ्यापायी तुमचा हात मोडला. सांगताना ती लहान मुलीसारखी हुंदके देत होती.

बाबांनी शांतपणे ऐकलं. मध्ये एकदा त्यांनी विचारलं, समुद्र मोठा होता का? ती हो म्हणाली. मग त्यांनी तिचं डोकं थोपटलं.

"बरं केलंस. बघावा समुद्र. मी तुझ्या आईला नेणार होतो, राहिलंच."

ताईच्या छातीवरचं ओझं उतरलं. इतकं सोपं होतं, असं तिला वाटून गेलं. दारात उभा असलेला धाकटाही थोडा सैलावला. आता हरकत नाही, अशा बेताने त्याने भिंतीवरचं बटण दाबलं आणि खोली लख्ख झाली.

बाबा खुर्चीतून अर्धे उठले. "बंद कर तो. मोठीच्या डोळ्यांना त्रास होईल."

"बाबा, मी आत्ताच तुम्हाला सांगितलं ना," ताई म्हणाली.

"काय सांगितलंस?" त्यांनी तिच्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर नुसती काळजी होती. "डोळे मीट आधी. रडतेयस कशाला, ऑपरेशन झालंय तुझं. धाकट्या, बंद कर म्हणतो ना." आणि प्लास्टरच्या हातानेच खुर्चीला रेटा देऊन ते बटणाकडे निघाले.

ताईने पुन्हा सांगितलं. त्यांनी पुन्हा ऐकलं, पुन्हा तिचं डोकं थोपटलं, आणि तिने डोळे पुसायच्या आत पुन्हा दिव्याकडे बोट दाखवलं. खरं त्यांच्याकडे मुक्कामाला थांबतच नव्हतं. तिने सांगितलेलं खोटं तेवढं घर करून राहिलं होतं, आणि ते आता तिच्याही हातात उरलं नव्हतं. माफी मागायची तरी कोणाकडे? माफी देणाऱ्याच्या मनात ती क्षणभरही उरत नव्हती.

धाकटा बटण बंद करायला वळला. "राहू दे," ताई म्हणाली. "अंधारात ते पुन्हा पडतील."

तिने पर्स उघडली, समुद्रकाठी घेतलेला तो काळा चष्मा काढला आणि डोळ्यांवर चढवला.

बाबा थांबले. तिच्या तोंडाजवळ वाकून त्यांनी नीट पाहिलं, काचा कडेने झाकतात का, उजेड कुठून आत शिरतो का. मोठ्या कामाची तपासणी करावी तशी तपासणी झाली. मग ते सरळ झाले.

"हं. आता चालेल. असू दे दिवा."

आतून मुलं बाहेर आली आणि आत्याचा चष्मा बघून फिसकन हसली. धाकट्याच्या बायकोने त्यांना दटावलं. मग घरातले सगळे दिवे एकामागून एक लागले. ताईला ते सगळे तपकिरी, मळकट दिसत होते. जेवताना तिला ताटातलं धड दिसेना म्हणून तिने चष्मा जरा वर सरकवला, तर बाबांनी घास खाली ठेवून बटणाकडे पाहिलं. तिने चष्मा मुकाट्याने खाली केला.

बाबांना उद्या सकाळी मी घेऊन जाते, हा महिना माझाच आहे आणि पुढचाही माझाच, असं ती जेवण झाल्यावर धाकट्याला म्हणाली. आणि तंबू आण. तो म्हणाला, बघू. त्या 'बघू'मध्ये हो होतं की नाही ते तिला कळलं नाही, आणि विचारायचा आपल्याला आता अधिकार नाही हे मात्र कळलं.

तिची गादी आतल्या खोलीत घातली होती. ती बाबांना झोपवायला म्हणून उठली, त्यांच्या बगलेत हात घालायला वाकली, तर तेच तिच्या आधी उठून उभे राहिले. त्यांनी धडक्या हाताने तिचं मनगट पकडलं. पकड चांगली घट्ट होती. एरवी भिंत धरत चालणारे बाबा तिच्यापुढे एकेक पाऊल नेटाने टाकत निघाले, आणि प्रत्येक वळणावर थांबून मागे बघत होते. तिने हात सोडवून घेतला नाही. चष्म्याच्या आत काचा ओल्या होऊन तिला खरोखरच काही दिसत नव्हतं.

आतल्या खोलीच्या दाराशी ते थांबले.

"इथे उंबरा आहे, मोठे. पाय उचल."

तिने पाय उचलला.